बुद्धाच्या डोक्याचं माप

अप्पाराव मिस्त्रींच्या पोरीने ख्रिस्ती साधूंवर पीएच.डी. धरली आहे, ही गोष्ट हर्सूलमध्ये कुणाला धड समजावून सांगता येण्यासारखी नव्हती. विशाखाने तो नाद कधीच सोडला होता. "कशावर करायलीस गं?" असं कुणी विचारलं की ती "तत्त्वज्ञानावर" म्हणायची, आणि समोरचा माणूस घाईघाईने पाण्याचा विषय काढायचा. खरा विषय होता मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञांचा कलाविचार. सातशे-आठशे वर्षांपूर्वी मठात बसून त्या साधूंनी कला म्हणजे काय, सुंदर कशाला म्हणायचं, यावर डोकं शिणवलं होतं. आता पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत बसून विशाखा त्यांच्यापायी डोकं शिणवत होती. बौद्धाची लेक आणि पाद्र्यांचं तत्त्वज्ञान, असं म्हणून कॉलेजातले सहकारी तिला चिडवत. ती तिथे तासिका तत्त्वावर शिकवायची, त्यामुळे चिडवून घेणं हा नोकरीचाच भाग होता.

पण तिचं कारण पक्कं होतं. एम.ए.ला असताना तिने वाचलं की त्या साधूंच्या लेखी चित्रकार, सुतार, चांभार, गवंडी असा भेदच नव्हता. वस्तू नीट घडवता येणं म्हणजे कला, आणि ती नुसती हातात नसते, बुद्धीत असते. तो बुद्धीचा सद्गुण आहे, असं ते मांडत होते. त्या दिवशी विशाखा ग्रंथालयातून बाहेर आली ती डोळे पुसतच. तिच्या आज्या-पणज्यांनी हातांनी जे जे केलं त्याला कुणी बुद्धी म्हटलं नव्हतं. फार झालं तर कष्ट म्हटलं होतं. आणि इथे परमुलखातले झगेवाले साधू बिनदिक्कत सांगत होते की जोडा नीट शिवणारा माणूस विचारच करत असतो. तेव्हापासून दोन मार्गदर्शक बदलले, तीन स्थळं परत गेली, पण विषय तिने सोडला नाही.

तिचे वडील अप्पाराव मूर्ती घडवायचे. हर्सूल तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. गावोगावच्या विहारांसाठी, चौकांसाठी बुद्धमूर्ती तिथून जात. आधी अख्खी मूर्ती मातीत, मग तिच्यावरून साचा, मग साच्यातून फायबर. साचा घालण्याआधी गावकरी मातीची मूर्ती बघायला येत आणि पसंत पडली की गावातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने मूर्तीच्या पायाशी, मागच्या अंगाला, ओल्या मातीत अंगठा उमटवायचा. हा अप्पारावांचा स्वतःचा नियम होता. "ज्यायचे अंगठे लोकायनं कागदावर घेतले, त्यायचा एक अंगठा इथं बी पाहिजे," एवढंच ते म्हणायचे. अंगठा नाही तर साचा नाही.

त्या उन्हाळ्यात फुलंब्रीच्या पुढच्या एका गावासाठी सात फुटी उभा बुद्ध चालला होता. गावाने चौकात नऊ फुटी चौथरा आधीच बांधून ठेवला होता. विशाखाचा चौथा अध्याय नेमका प्रमाणावर होता. साधूंनी सुंदर वस्तूची तीन लक्षणं सांगितली होती: ती पुरी असावी, तिच्यात प्रमाण असावं आणि तिला तेज असावं. त्यातल्या प्रमाणावर विशाखाने चाळीस पानं लिहिली होती, सगळी आकड्यांची. तिचे मार्गदर्शक इंद्रजीत सर म्हणाले, "एखादं जिवंत उदाहरण घाला, नाहीतर हे नुसतं भाषांतर वाटतं." तेव्हा तिला पहिल्यांदा शेड आठवलं. इतकी वर्षं आपण ते प्रबंधापासून लांब का ठेवलं, याची तिची तिलाच लाज वाटली. मठातले आकडे हर्सूलच्या मातीत उतरलेले दाखवायचे, या कल्पनेने ती इतकी हरखली की रविवारी सकाळीच मोठा कॅलिपर घेऊन हजर झाली.

त्या लोखंडी चिमट्याने तिने हनुवटीपासून माथ्यापर्यंत माप घेतलं. मग टेपने टाचेपासून माथ्यापर्यंत. मग वहीत भागाकार केला, आणि पुन्हा केला. शरीर डोक्याच्या साडेसात पट भरायला हवं होतं. इथे ते जेमतेम साडेसहा पट भरत होतं.

नेमकी त्याच वेळी गावची मंडळी येऊन उभी राहिली. पुढे होते रामकिसन गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले आणि मूर्ती समितीचे अध्यक्ष. सोबत कडूबाई, सत्तरी ओलांडलेल्या, अंगठ्याच्या मानकरी. मागे आणखी दोघं-तिघं. जय भीम झालं, पाणी झालं. गुरुजींनी मूर्तीभोवती एक फेरी मारली आणि विशाखाच्या वहीकडे बघून विचारलं, "काय निघालं म्हणायचं माप, बाई?"

इथे विशाखाने तोंड बंद ठेवलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण खोटं बोलायचं नाही आणि विचारलं तर अर्धवट सांगायचं नाही, ही शिकवण्याच्या कामाची सवय. ती म्हणाली, "डोकं जरा मोठं आहे. साधारण पावणेदोन इंच."

"बघा!" गुरुजी मागे वळून म्हणाले. "मला तं आल्यापासूनच खटकायलं व्हतं. अन् हे काय मी नाय म्हणत, मिस्त्रींची स्वतःची लेक म्हणायली. ती बी डॉक्टर व्हायलेली."

कडूबाई मूर्तीच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय बाई. लेकराच्या डोक्यावानी दिसायलंय."

अप्पाराव माती मळत होते. त्यांनी मळणं थांबवलं नाही. गुरुजींनी सांगून टाकलं की मंगळवारी परत येऊ, डोकं पावणेदोन इंच उतरवलेलं असलं तर अंगठा, नसलं तर दुसरा मूर्तिकार बघू. मंडळी गेली. शेडमध्ये विशाखा, अप्पाराव आणि त्यांचा तीस वर्षांचा जोडीदार सांडू एवढेच उरले. सांडूने विशाखाकडे असं पाहिलं की तिला वहीत तोंड लपवावंसं वाटलं.

"अप्पा, तुम्ही काही बोलला का नाही?"

"तू बोलत व्हती ना," अप्पाराव शांतपणे म्हणाले. "शिकलेलं माणूस बोलायलं, मधी काय तोंड घालू?"

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते अगदी मनापासून म्हणाले, म्हणूनच ते विशाखाच्या काळजात घुसलं.

मग सांडूने सांगितलं. चौथरा बांधून झाला तेव्हा अप्पाराव त्या गावाला दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा सोबत बांबू आणि पोत्यात चार लहानमोठी मडकी. चौथऱ्यावर चढून बांबू उभा करायचा, शेंड्याला मडकं बांधायचं, आणि खाली येऊन शाळेच्या पायरीवरून, पिठाच्या गिरणीपाशी, रस्त्याच्या वळणावरून बघत बसायचं. गावातल्या लोकांना वाटलं, मिस्त्रीचं डोकं फिरलं. "बरोबर मापाचं मडकं वर बांधलं तं लिंबावानी दिसायचं," सांडू म्हणाला. "खालून बघायचंय माणसानं, अन् वर सोळा फुटावर डोकं. मोठं नाय करायचं तं काय करायचं? सगळ्या उभ्या मूर्त्या अशाच गेल्या इथून."

विशाखाने वही मिटली. "मग त्यांना हे सांगा ना, अप्पा. गावात नेऊन मडकं दाखवा."

"मडक्याला कोण बुद्ध म्हणन?" अप्पारावांनी हात धुतले. "सांगून मूर्ती पटत नसती, इशू. नजरेला पटली तं पटली. उद्या उतरवतो डोकं. वर गेल्यावर बारकं दिसन. दिसू दे."

"दिसू दे" म्हणताना त्यांनी मूर्तीकडे पाठ फिरवली, आणि विशाखाने मनाशी ठरवलं की या डोक्याला कुणी हात लावणार नाही. मंगळवारपर्यंत तर नाहीच. चूक तिने केली होती, निस्तरायची तिनेच.

संध्याकाळी घरी तिने चौथा अध्याय काढला. जुन्या साधूंना आकड्यांचं वेड होतं हे खरं. त्यांना सगळी सृष्टी वजन-मापात बसवलेली दिसायची. पण नंतरच्या साधूंनी म्हटलं होतं की प्रमाण काही एकाच तऱ्हेचं नसतं. वस्तूचं तिच्या कामाशी प्रमाण असतं, तिच्या जागेशी असतं, बघणाऱ्याच्या डोळ्याशीही असतं. हे विशाखाला ठाऊक नव्हतं असं नाही. तिने ते वाचलं होतं, आणि मोजता येत नाही म्हणून तेविसाव्या पानावर तळटीपेत टाकून दिलं होतं. बारीक टायपात. घडवणाऱ्याच्या बुद्धीचा मान राखायला म्हणून जिने प्रबंध धरला, तिला घडवणारा माणूस घरात असताना आधी कॅलिपर खरा वाटला. या गोष्टीचा तिला इतका संताप आला की ती जेवलीच नाही.

त्या तळटीपेनेच तिला वाट दाखवली. मूर्ती नऊ फूट वर नेता येत नव्हती. ओली माती, आतला लोखंडी सांगाडा, जरा हललं की तडा. मग बघणाऱ्यांना खाली न्यायचं. शेडच्या तोंडाशी, मूर्तीपासून तीन-चार फुटांवर माती भिजवायचा हौद होता. दहा फूट लांब, सहा फूट खोल. त्याच्या पलीकडच्या टोकाला तळाशी बसून वर पाहिलं, तर मूर्ती गावातल्या चौकात दिसेल तेवढीच उंच दिसेल. तिने कागदावर आकृती काढून पाहिली. बसत होतं.

अडचण एकच, हौद भरलेला होता. नळाला नवव्या दिवशी पाणी आलं होतं आणि अप्पारावांनी तो काठोकाठ भरून घेतला होता. सोमवारी पहाटे लुगड्याचा काचा मारावा तशी ओढणी कमरेला बांधून विशाखा बादली घेऊन उभी राहिली, तेव्हा अप्पाराव पहिल्यांदा भडकले.

"पाणी फेकायलीस? नऊ दिवसांचं पाणी हाय त्ये!"

"फेकत नाय. भरून ठेवायलेय." तिने शेजारपाजारच्या गॅरेजांमधून वीस-बावीस रिकामे पिंप आणून ओळीने मांडले होते. "अन् तुम्ही डोक्याला हात लावायचा नाय. ओलं फडकं टाका अन् गप बसा, मंगळवारपर्यंत."

बापाला ती असं पहिल्यांदाच बोलली होती. अप्पारावांनी सांडूकडे पाहिलं. सांडूने दुसरी बादली उचलली.

दुपारपर्यंत पाणी संपलं आणि गाळ लागला. वर्षानुवर्षांचा बसलेला, गुडघ्याएवढा, कुजकट वासाचा गाळ. विशाखा आत उतरून घमेली भरून द्यायची, सांडू वर ओढायचा. हाताला फोड आले. मधेच इंद्रजीत सरांचा फोन आला; कोपराने स्पीकर दाबून तिने फोन हौदाच्या काठावर ठेवला.

"चौथा अध्याय शुक्रवारी संशोधन समितीपुढे ठेवायचाय. तयार आहे ना?"

"नाही सर. त्यात मोठी चूक आहे. परत लिहावा लागेल."

"किती पानं?"

"सगळी चाळीस."

"विशाखा, ही शेवटची मुदतवाढ आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे सर. शुक्रवारी मी येते आणि समितीला तोंडाने सांगते. पण हा अध्याय असा देणार नाही," ती म्हणाली आणि पुढचं घमेलं भरायला वाकली. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण आधी हौद.

मंगळवारी मंडळी आली. डोक्यावरचं फडकं अप्पारावांनी काढलं आणि रामकिसन गुरुजींचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हे तं हाय तसंच हाय."

विशाखा पुढे झाली. "गुरुजी, परवा मी जे माप सांगितलं ते बरोबर होतं. पण त्यावरून डोकं मोठं आहे म्हटलं, ते चुकीचं होतं. मूर्ती इथे जमिनीवर उभी राहणार नाही. तुमच्या चौकातून जशी दिसेल तशी एकदा बघा, मग काय ते ठरवा."

"चौकातून? इथं कुठून आणायचा चौक?"

तिने हौदाकडे बोट दाखवलं. आत शिडी लावलेली, तळाला पोती अंथरलेली. गुरुजींनी आत डोकावलं, आपल्या पांढऱ्याशुभ्र पायजम्याकडे पाहिलं. "आम्ही काय हौदात उतरू? काहीतरीच काय बोलायलीस पोरी!"

"उतरावं लागेल गुरुजी. नाही पटलं तर मी स्वतः वर चढून डोकं कापते." असं म्हणून तिने शिडी धरली.

कडूबाईंनी लुगडं खोचलं. "सरका," त्या म्हणाल्या. "दुष्काळात चाळीस हात खोल विहिरीतला गाळ काढलाय म्या. हा हौद काय घेऊन बसलात?" आणि सांडूने हात द्यायच्या आत त्या शिडीवरून खाली. पलीकडच्या टोकाला पोत्यावर मांडी घालून बसल्या. पदर सारखा केला, आणि मग मान वर केली.

वरची माणसं हौदाच्या काठाभोवती उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती.

कडूबाईंनी हात जोडले. "हे तं माझ्याकडंच बघायलंय," त्या म्हणाल्या. "मोठंबिठं काय नाय डोकं. गुरुजी, उतरा खाली. पायजमा धुता येतो."

गुरुजी उतरले. त्यांनी बसून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, मग सरळ उभे राहून मूर्ती पाहिली आणि परत बसून पाहिली. मास्तरकी अंगात भिनलेली, त्यामुळे उत्तर बरोबर आलं की खूश व्हायची सवयही होती. "अरे वा," ते म्हणाले. "अरे वा! बरोबर हाय की! मिस्त्री, तुम्ही बोलला नाय कामून परवाच?" मागची दोघं-तिघंही उतरून आली. सगळ्यांचं एकमत झालं. डोकं राहणार होतं.

विशाखाला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. फोडांनी भरलेले हात तिने ओढणीत गुंडाळून धरले आणि वडिलांकडे पाहिलं. आता तरी ते हसतील असं तिला वाटत होतं. कडूबाई वर येऊन, हात पुसून, मूर्तीच्या मागे अंगठा लावायला वाकल्या होत्या.

"थांबा मावशी," अप्पाराव म्हणाले.

सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलले होते. ते शिडीवरून हौदात उतरले, कडूबाई बसल्या होत्या तिथेच बसले आणि वर बघत राहिले. एक डोळा मिटून, मग दुसरा. मग वर आले, माती कापायची तार घेतली, उंच लाकडी घोडीवर चढले आणि बुद्धाच्या उजव्या कानामागून मातीची एक चकती अलगद उतरवली.

"अहो मिस्त्री!" गुरुजी ओरडले. "आम्ही व्हय म्हणलं ना!"

दोन दिवस विशाखा या डोक्यासाठी भांडली होती, त्यासाठीच हौद उपसला होता, आणि आता सगळे पटवून झाल्यावर हा माणूस स्वतःच तार चालवत होता. "अप्पा, आता कामून? मान्य केलं ना त्यांनी!"

"त्यायनं केलं," अप्पाराव मूर्तीवरची नजर न काढता म्हणाले. "पण तिथून बघितलं तं कानामागं अर्धं बोट जास्त हाय. म्या मडक्यावरून अंदाज धरला व्हता. मडक्याला कान नसतेत."

"म्हणजे परवा ते म्हणत होते तेच खरं होतं?" विशाखाने विचारलं.

"त्ये पावणेदोन इंच म्हणत व्हते. हे अर्धं बोट हाय."

"म्हणजे मग कुणाचं बरोबर होतं?"

अप्पारावांचा हात थांबला. "कोण बरोबर हे काय करायचंय तुला? डोकं बरोबर आलं का, त्ये बघ."

विशाखा बघत राहिली. घडवणाऱ्याचं मन काय म्हणतं ते बघायचं नाही, वस्तू नीट उतरली का तेवढंच बघायचं, हे त्या साधूंचं म्हणणं तिने प्रबंधात तीन ठिकाणी मांडलं होतं. चांगलं मांडलं होतं. आणि दोन दिवस ती लढली ती बाप चुकीचा ठरू नये म्हणून. बाप त्यासाठी एक क्षणही लढला नव्हता. हे कळलं तेव्हा तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही आवरायला वेळ नव्हता, कारण माती वाळत होती. ती शिडीवरून खाली उतरली, पोत्यावर बसली आणि मान वर केली. उजवी बाजू आता मोकळी झाली होती, चेहरा हलका वाटत होता. डावीकडे मात्र अजून काहीतरी अडत होतं. तिने एक डोळा मिटला.

"डाव्या कानाखाली," ती खालून ओरडली. "अजून जरासं."

कडूबाई अंगठा तसाच धरून उभ्या होत्या. अप्पारावांनी मागे वळून न पाहता डाव्या कानाखाली तार लावली.